सी-वनची साखर

२१ एप्रिल, सोमवार

गोंदणी पिकायला लागली. वळसंगहून बजाबाईंचा फोन आला. त्यांच्या बांधावरचं झाड नारंगी झालंय, पाखरांच्या आधी या म्हणाल्या. माळावर, बांधावर कुणी न लावता आपोआप उगवणारं झाड. फळ हरभऱ्याच्या घाट्याएवढं, आत चिकट गर. बाजारात विकायला येत नाही, म्हणून त्यावर फारसं कुणी काम केलेलं नाही, म्हणून माझी पीएचडी त्यावर आहे.

आतापर्यंतचे निकाल चांगले. गरातली पॉलिफेनॉल्स पिष्टाची साखर करणाऱ्या एंझाइमला अडवतात. टेस्ट ट्यूबमध्ये. आता पुढचा टप्पा: फळाचा अर्क घातला की रक्तातल्या हिमोग्लोबिनला साखर कमी चिकटते का. त्यासाठी निरोगी माणसाचं रक्त लागतं. आमच्या लॅबची पद्धत अशी की ज्याचा प्रयोग त्याचं रक्त. बाहेरचा स्वयंसेवक शोधण्यात वेळ जातो, आणि आम्ही सगळे निरोगीच आहोत.

दोन नमुने. सी-वन माझा, सी-टू आरोहीचा. 'सी' म्हणजे कंट्रोल, तुलनेसाठीचा निरोगी नमुना. आरोही शेजारच्या टेबलावर काम करते, मंगळवेढ्याची आहे, फार बोलते. माझं रक्त काढलं तेव्हा ती अजून आली नव्हती. टेक्निशियन नंदीशने काढलं. मला सुईची भीती वाटत नाही. त्या वेळी मी फक्त दुसरीकडे बघते.

२३ एप्रिल, बुधवार

बेसलाइन आली, अर्क घालण्याआधीची. ग्लायकेटेड हिमोग्लोबिन, म्हणजे मागच्या तीन महिन्यांत रक्तात सरासरी किती साखर फिरत होती त्याचा आकडा. साडेसहापासून पुढे मधुमेह म्हणतात. सी-टू: ५.२. सी-वन: ८.१.

किट खराब आहे.

मार्चमध्ये फोडलेलं किट. मध्ये दोनदा लाइट गेली होती, फ्रीज बंद होता. शिवाय गेल्या आठवड्यात चौदा एप्रिलची जयंती झाली. आमच्या चौकात प्रत्येक मंडळाचं सरबत आणि जिलबी, कुणाला नाही म्हणता येत नाही. एका दिवसाच्या जिलबीने तीन महिन्यांची सरासरी हलत नाही हे मला माहीत आहे. तरी नोंद असावी. त्याच खराब किटवर सी-टू बरोबर आला हा योगायोग.

उद्या नवं किट. भीतीचं कारण नाही. हात गार पडले होते, पण लॅबमध्ये एसी अठरावर असतो.

२४ एप्रिल, गुरुवार

नवं किट. सी-वन: ८.२.

दोन वाचनांत इतका कमी फरक मला आजवर मिळाला नव्हता. तंत्र म्हणून उत्तम.

म्हणजे किट चांगलं आहे. म्हणजे नमुना बदलला असणार. नंदीशला विचारलं, लेबलं उलटसुलट झाली का. तो म्हणाला, मॅडम, सी-टूची बाटली भरली तेव्हा सी-वनची तुमच्या हातात होती. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा होता असं वाटलं. नंतर त्याने मला चहा आणून दिला, बिनसाखरेचा. चूक झाली असेल.

एक नियम केला. आजपासून इथेसुद्धा सी-वन हा फक्त नमुना. संशोधकाने स्वतःला डेटामध्ये गुंतवू नये. नियम लिहिल्यावर लगेच बरं वाटलं.

२६ एप्रिल, शनिवार

साप्ताहिक मीटिंग. माझे गाइड प्रभुलिंग सर कागद चष्म्याजवळ नेऊन वाचतात. सी-वनपाशी थांबले. म्हणाले, हा कंट्रोल नाही, हा पेशंट आहे. कुणाचं रक्त? मी सांगितलं की या वेळी बाहेरची व्यक्ती घेतली, नाव गुप्त आहे, एथिक्सचा नियम आहे. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, नियम असाही आहे की असं काही निघालं तर त्या व्यक्तीला कळवायचं आणि डॉक्टरकडे पाठवायचं. पाठवा.

जिन्यात आरोहीने गाठलं. सी-वन पोरगी आहे की बाई, तिला माहीत आहे का, एकटी राहते का, अशी चौकशी. मी म्हणाले, माहिती देता येत नाही. "बिचारी," ती म्हणाली. "घाबरली असंल की गं."

मी म्हणाले, मुळीच नाही.

२८ एप्रिल, सोमवार

सी-वनला कळवलं. शांतपणे ऐकून घेतलं.

लक्षणांचा आढावा. तहान: आहे. पण सोलापुरात एप्रिलमध्ये तहान लागत नाही असा माणूस दाखवावा. पारा त्रेचाळीसवर आहे, आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा नळाखाली बसतात. वारंवार लघवीला जाणं: पाणी जास्त प्यायल्याचा परिणाम, वरच्या मुद्द्यात आलं. वजन कमी होणं: मम्मी सारखं म्हणते कॉलरबोन दिसायला लागली, ते आईचं निरीक्षण आहे, मोजमाप नाही. दूरचं अंधुक दिसणं: चष्म्याचा नंबर दोन वर्षांत तपासलेला नाही.

प्रत्येक लक्षणाला स्वतंत्र, पुरेसं कारण आहे. सगळी एकत्र आली हा निव्वळ उन्हाळा.

संकल्प: डॉक्टरकडे जायचं. लवकर.

१ मे, गुरुवार

सुट्टी. विचार केला आणि योजना पक्की झाली.

रिकाम्या हाताने डॉक्टरकडे जाणं अशास्त्रीय आहे. डॉक्टर गोळी लिहून देणार, गोळी सुरू झाली की डेटा बिघडला, मग फळाचा परिणाम कळायचा कसा? अर्काने टेस्ट ट्यूबमध्ये जवळजवळ बाजारातल्या औषधाइतकं एंझाइम अडवलं आहे. हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, एंझाइम चालू असलं की द्रावण पिवळं पडतं, ते पडायचं थांबलं होतं. म्हणून: सी-वन निरीक्षणाखाली. सकाळी एक वाटी ताजी गोंदणी, संध्याकाळी एक. ग्लुकोमीटर मागवला, घरच्या पत्त्यावर नाही, लॅबच्या. पंधरा दिवसांनी उतरलेला आलेख हातात घेऊन दवाखान्यात जायचं. डॉक्टरही थक्क होतील.

याला भिऊन चालढकल म्हणत नाहीत. याला प्रोटोकॉल म्हणतात.

४ मे, रविवार

वळसंगला जाऊन आले. बजाबाई आकडीने फांदी खाली ओढतात आणि मी घड तोडते. बोटं एकमेकांना चिकटतात, रुमाल लावला की रुमाल चिकटतो. त्यांनी विचारलं, दर खेपेला मूठभर न्यायचीस, आता पाटी भरून कशाला, दुकान टाकतीस का काय? मी म्हणाले, प्रयोग मोठा आहे. त्या म्हणाल्या, लई खाऊ नगं, तोंड चिकटलं तर खरं बोलायचं झालं तरी बोलता येणार न्हाय. आणि स्वतःच हसल्या.

झाडाखाली बसून तांब्याभर पाणी प्यायले. मग आणखी एक. तिसरा मागितला तेव्हा त्या मला निरखून बघायला लागल्या.

"पोरी, तुज्या पोटात हीर हाय का काय गं?"

ऊन फार आहे, मी म्हणाले. झाडाखाली सावली होती, हे दोघींनाही दिसत होतं. त्यांनी बाटली भरून दिली.

परत येताना बसमध्ये ती बाटली संपली. होटगीच्या फाटकाशी बस थांबली तेव्हा उतरून पळत जावं लागलं. कंडक्टरने बस थांबवून धरली. सगळी बस खिडकीतून बघत होती.

घरी फ्रीजमध्ये डबा ठेवला. मम्मीने विचारलं, हे काय. कॉलेजचं सॅम्पल, मी म्हणाले, हात लावू नका.

८ मे, गुरुवार

सकाळचं वाचन, उपाशीपोटी: १७६. शंभराच्या आत हवं. चार दिवसांपूर्वी १६८ होतं. स्ट्रिपा उन्हात आल्या, कुरिअरवाल्याने कुठे ठेवल्या असतील देव जाणे. आमच्या घरात देव जाणे म्हणत नाहीत, पण स्ट्रिपा सोलापूरच्या उन्हातून येतात हे मशीन बनवणाऱ्याला कळायला हवं.

टाचेला नवी सँडल लागली होती. फोड फुटला. जखम छोटी आहे, मसुराच्या डाळीएवढी. दोन आठवडे झाले, अजून मसुराच्या डाळीएवढीच आहे. वाढलेली नाही, ही महत्त्वाची गोष्ट. आज अंघोळीनंतर ती बराच वेळ बघत बसले. मम्मीने दारावर थाप मारली तेव्हा कळलं की मी पाय हातात धरून बसले आहे.

मात्रा वाढवली. दोन वाट्या सकाळी, दोन संध्याकाळी. औषधाचा परिणाम मात्रेवर अवलंबून असतो, हे पहिल्या वर्षीच शिकवतात.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. सकाळी विहारात वंदना, मग खीर. मम्मीची खीर म्हणजे दूध आटवून, वरून वेलदोडा, आणि वाढताना वाटी कधीच अर्धी नसते. नको म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं. सी-वनने खाल्ली. निरीक्षणात नोंद आहे.

जेवताना पप्पांनी माझ्या कामाबद्दल विचारलं. पप्पा होटगीला रेल्वेत सिग्नलच्या कामावर आहेत. एरवी ते घरी येऊन बातम्या लावतात आणि झोपतात. आज नीट विचारलं. हे फळ साखरेवर चालतं म्हणजे काय करतं? मी ताटात भाकरीचा तुकडा ठेवून दाखवलं: ही भाकरी, हे एंझाइम, हे कात्री लावतं, फळ त्या कात्रीला धरून ठेवतं. ते लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, गोळीसारखं? मी म्हणाले, गोळीइतकंच. कदाचित चांगलं, कारण नैसर्गिक आहे. "आणि रोज वाटीभर खाल्लं तर?" मी म्हणाले, तत्त्वतः चालायला हवं.

हे वाक्य बोलताना मला फार धीर आला. इतक्या ठामपणे मी मीटिंगमध्येसुद्धा बोलत नाही. पप्पांनी मम्मीकडे बघून मान डोलवली, बघ, आपली पोरगी, अशा अर्थाने. ताट उचलताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आजचा दिवस चांगला गेला. सकाळचं वाचन: २०१. खिरीच्या आधीचं आहे, पण खीर शिजत असल्याचा वास होता. (हे खोडायचं.)

१५ मे, गुरुवार

प्रोटोकॉलप्रमाणे आज दवाखाना. आलेख उतरलेला नाही, पण दिलेला शब्द पाळायचा म्हणून गेले. सात रस्त्याजवळ, पहिला मजला. जिना चढले. दाराशी पोहोचले.

दवाखाना बंद होता असं लिहिता आलं असतं. उघडा होता. आत गर्दी होती. तीन माणसं. त्यातल्या एका आजोबांचा उजवा पाय स्टुलावर होता, घोट्याच्या खाली सगळं पांढऱ्या पट्टीत, आणि पट्टी जिथे संपायला हवी त्याच्या बरीच आधी संपत होती. शेजारी बसलेल्या त्यांच्या सुनेने मला जागा करून दिली. बसा की, म्हणाली.

मी म्हणाले, चुकीच्या मजल्यावर आले.

खाली येऊन उसाच्या रसाच्या गाड्यासमोर उभी राहिले. रस घेतला नाही. संयमाची नोंद व्हावी. दहा मिनिटं गाड्याच्या कठड्याला धरून होते. जिना चढायची सवय राहिलेली नाही.

पुढची तारीख: सोमवार. नक्की.

१९ मे, सोमवार

वळवाचा पाऊस झाला. हवा एकदम उतरली, मम्मीने चादरी काढल्या. तहान उतरली नाही. हवेतल्या बदलाशी जुळवून घ्यायला शरीराला वेळ लागतो.

दवाखान्यात गेले नाही. पाऊस.

आरोही गावाहून आली. बॅगेतून कापडी पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या रानातली ज्वारी, दळून आणलेली. सी-वनसाठी. म्हणाली, तिला सांग, भात कमी कर, हिच्या भाकरी खा, आमच्या मामीला डॉक्टरनं हेच सांगितलेलं. मग मामीची गोष्ट सांगितली. मी ऐकत नव्हते, पण ती सांगत होती. मामींनी सहा महिने कुणाला सांगितलं नाही. अंगठ्याला खिळा लागला होता. कळलाच नाही, बधिर होता. आधी अंगठा काढला. "नंतर म्हणायच्या, मला साखरेचं भ्या न्हवतं, लोकास्नी कळंल ह्याचं होतं," आरोही म्हणाली. "आता लोक रोज बघत्यात की. चालताना."

मी पिपेटचं टोक बदलत होते. तीन टोकं खाली पडली.

पीठ सी-वनला पोहोचवते म्हणाले. घरी नेलं. भाकरी चांगली होते, पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटतो. मम्मीने विचारलं, कुणी दिलं. एका पेशंटचं आहे, मी म्हणाले. मम्मीने पुढची भाकरी माझ्या ताटात टाकली.

टाच: बोट दाबल्यावर जाणवते. दोन्ही टाचांना दाबून बघितलं. अंगठेही. सगळं जाणवतं. दिवसातून किती वेळा बघायचं याची मर्यादा ठरवायला हवी.

२३ मे, शुक्रवार

सर म्हणाले, पेपर पाठवायचा तर फळाचं साधं पोषणमूल्य कुठे आहे? प्रथिनं, तंतू, साखर. तुम्ही थेट पॉलिफेनॉल्सवर उडी मारली. मी म्हणाले, सर, ते माझ्या उद्दिष्टांत नव्हतं. सर म्हणाले, खाणाऱ्याच्या उद्दिष्टांत असतं.

आज साखर काढली. पिकलेल्या गराची.

पहिल्यांदा वाटलं पातळ करण्यात चूक झाली. पुन्हा केलं. द्रावणाचा निळा रंग उडून तळाशी विटकरी साका बसला, एवढा की नळी हलवली तरी जाईना. गणित केलं. चार वाट्या गोंदणी रोज, पंधरा दिवस. सी-वनने रोज जेवढी साखर पोटात घातली तेवढ्यात आमच्या घरचा दोन दिवसांचा चहा झाला असता. गर चिकट आहे, नारंगी आहे आणि गोड आहे, हे मी पहिल्या दिवसापासून जाणत होते. चवीच्या रकान्यात 'गोड' असं लिहून पुढे कंसात 'व्यक्तिनिष्ठ' असं लिहिलं होतं.

औषध ग्रॅमच्या हजाराव्या भागात. साखर चमच्यांत.

दुपारचं वाचन २८७. लॅबच्या दाराची पाटी वाचता आली नाही. तिच्यावर काय लिहिलंय ते मला पाठ आहे, म्हणून अडचण झाली नाही.

बराच वेळ टॉयलेटमध्ये बसून होते. मग लक्षात आलं की ही चांगली बातमी आहे. दोष सी-वनचा नाही. दोष फळाचा. फळ बंद केलं की आकडा खाली येईल. मूळचा आकडा फळाच्या आधीचा होता, हा मुद्दा उरतो. त्यावर नंतर विचार करू.

फळ बंद. घरच्या फ्रीजमधला डबा, रविवारीच वळसंगहून पुन्हा भरून आणलेला, तसाच ठेवला आहे. टाकला तर मम्मी का म्हणून विचारेल.

२७ मे, मंगळवार

फळ बंद करून चौथा दिवस. २३४. उतरतंय. या वेगाने उतरलं तर महिन्याभरात शून्यावर येईल. शून्यावर माणूस जिवंत राहत नाही, त्यामुळे ही रेषा अशी वाढवून चालणार नाही. पण दिशा चांगली आहे.

सरांनी विचारलं, सी-वन डॉक्टरकडे गेली का. मी म्हणाले, जाणार आहे. त्यांनी कागदावरून वर न बघता विचारलं, "कधीपर्यंत जाणार आहे?" आणि उत्तराची वाट न बघता वर्गावर गेले.

आरोही सेंट्रिफ्यूज लावत होती. मशीन सुरू झाल्यावर, त्या आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाली, "सी-वनला सांग, शुक्रवारी मी रिकामी हाय. सोबत येईन. तिला काय विचारणार न्हाय, काय बोलणार न्हाय. नुसती शेजारी बसंन."

मशीन फिरत होतं. झाकणावर हात ठेवायचा नसतो, मी ठेवला होता. म्हणाले, विचारते तिला.

आरोहीला काहीही कळलेलं नाही. स्वभावानेच ती अशी आहे.

संध्याकाळी सी-वनला विचारलं. सी-वन हो म्हणाली.

३० मे, शुक्रवार

आरोहीच्या स्कूटीवर गेलो. तिने शब्द पाळला, वाटेत एक अक्षर बोलली नाही. तिला हे किती जड गेलं असेल. जिन्यात तिने माझ्या पर्सचा पट्टा धरून ठेवला होता, पर्स जणू पळून जाणार होती.

काउंटरवर पेशंटचं नाव विचारलं. आरोहीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड फिरवलं. मी माझं नाव सांगितलं.

डॉक्टर वयस्कर आहेत. मी आलेख छापून नेला होता, त्यात चुकांच्या मर्यादाही दाखवल्या होत्या. त्यांनी फक्त शेवटचा बिंदू पाहिला. टाच पाहिली, तळव्याला सुईसारखं काहीतरी टोचत विचारलं, लागतंय? इथे? इथे? प्रत्येक वेळी लागलं. प्रत्येक वेळी मी फार जोरात हो म्हणाले. मग विचारलं, घरात कुणाला आहे का, आईवडिलांपैकी. मी म्हणाले, नाही, कुणालाही नाही. ते म्हणाले, घरचं कुणी आलं तर बरं, हा काही एकटीने घेऊन हिंडायचा आजार नाही. मी म्हणाले, गरज नाही. आरोहीने तोवर माझ्या पर्समधला फोन काढून पप्पांना लावला होता.

पप्पा होटगीहून थेट ड्यूटीच्या कपड्यांत आले. मी एक वाक्य तयार ठेवलं होतं: काळजीचं कारण नाही, सुरुवात आहे, नियंत्रणात येतं. ते वाक्य मी पूर्ण म्हटलं. पप्पा उभेच होते. डॉक्टरांनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला, घरात कुणाला आहे का. मी पुन्हा नाही म्हणणार एवढ्यात पप्पा म्हणाले, "मला हाय. सहा वर्सं झाली."

त्यांनी ते डॉक्टरांना सांगितलं, पण बघत होते माझ्याकडे. मम्मीला माहीत आहे. ड्यूटीवर त्यांच्याबरोबरच्या शिवूकाकांना माहीत आहे, गोळ्या त्यांच्याच डब्यात असतात. सरकारी दवाखान्यातल्या नर्सला माहीत आहे. मला सांगितलं नाही, कारण मी ह्याच विषयावर शिकते. कळलं असतं तर रोज बोट टोचलं असतं, आणि त्यांना सुईची भीती वाटते. हे सगळं ते खाली बघत सांगत होते, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे.

डॉक्टरांनी विचारलं, कोणती गोळी, नियमित घेता ना?

पप्पांनी ड्यूटीच्या शर्टाचा खिसा चाचपला. मग म्हणाले, बुद्धपौर्णिमेपासून बंद केलीय. पोरीचं फळ हाय ना. ती कॉलेजला गेली की फ्रीजमधल्या डब्यातली एक वाटी, दोन वाट्या खातो. गोळीपेक्षा चांगलं हाय ते. शेजाऱ्यांना माझ्या पीएचडीबद्दल सांगताना त्यांचा जो आवाज लागतो तोच आवाज लागला होता. डबा संपत आलाय, ते म्हणाले, परवा तिला सांगणार होतो आणखी आण म्हणून.

डॉक्टर म्हणाले, "गोळी बंद करायला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय," पप्पा म्हणाले.

"मी," मी म्हणाले.

नर्सने पप्पांचं बोट धरलं. त्यांनी मान वळवून डोळे घट्ट मिटले. मशीनने आकडा दाखवायला घेतलेला वेळ मला मोजता आला नाही. ३९२. डॉक्टरांनी माझी फाइल बाजूला ठेवली आणि आधी पप्पांना आतल्या खोलीत नेलं, सलाइन लावायला. मला सांगितलं, तुम्ही बसा, तुमचं नंतर बघू. तुमचं एवढं काही नाही.

बाहेर बसले. आरोही शेजारी. मला भीती वाटत होती. महिनाभर जी वाटत नव्हती तीसुद्धा, सगळी.

पाच वाजता सोडलं. पप्पांना जुन्या गोळ्या पुन्हा आणि एक वाढीव. मला एक, जेवणानंतर. दोघांनी आठवड्याने यायचं. आरोहीने रिक्षा थांबवून दिली आणि पप्पांना म्हणाली, काका, आता दोघं मिळून भाकरी खावा, पीठ संपलं की सांगा.

रिक्षात पप्पा बराच वेळ हाताला लावलेल्या कापसाकडे बघत होते. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा बोलले. आवाज हळू होता, मला वाईट वाटू नये असा.

"टेस्ट ट्यूबमधली तरी साखर उतरली न्हवं?"

टेस्ट ट्यूबमध्ये रक्तातली साखर नव्हतीच, फक्त एंझाइम होतं. ते मी सांगितलं नाही. उतरली, म्हणाले.

"मग झालं की," पप्पा म्हणाले.